उंबऱ्याच्या आतली चप्पल

प्रश्न : सोलापुरातल्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. यजमान त्रेसष्ट वर्षांचे, यंत्रमाग कारखान्यात जॉबर (माग दुरुस्त करून चालता ठेवणारे) होते, आता घरी असतात. मधुमेहाला सोळा वर्षं झाली. गेल्या वर्षी उजव्या पायाच्या अंगठ्यामागच्या गादीवर जखम झाली. कधी झाली ते त्यांनाही कळलं नाही. सकाळी चादरीवर डाग दिसला तेव्हा ताईंच्या लक्षात आलं. पाच महिने ड्रेसिंग चाललं. जखम भरून आता तीन महिने झालेत. डॉक्टरांच्या सांगण्यावरून साडेतीन हजार मोजून खास सँडल बनवून घेतली. ताई लिहितात : "मालक ती घालतच नाहीत. कोपऱ्यावर दूध आणायला जाताना तेवढी घालतात, आले की दारातच काढतात. घरात चप्पल आणायची आमच्याकडे पद्धत नाही, स्वयंपाकघरातच देवघर आहे. मध्ये शेजारच्या एकांनी सँडल बघून 'ही महारोग्यांची चप्पल ना?' असं विचारलं, तेव्हापासून बाहेरही नको म्हणतात. दरवर्षी कोजागरीला तुळजापूरला अनवाणी चालत जायचे. मागच्या वर्षी चुकलं, यंदा जाणारच म्हणतात. 'दुखत नाही तर तू कशाला घाबरतेस?' हे वर. मी रोज रात्री मिठाच्या गरम पाण्यात पाय शेकून देते. साखरही आता ताब्यात आहे. पण एवढ्या हट्टी माणसाला समजवायचं कसं? आणि सँडलचे पैसे पाण्यात गेले का?"

उत्तर :

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मलाही मालक हट्टी वाटले. दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यापाशी थांबले : "घरात चप्पल आणायची आमच्याकडे पद्धत नाही." आता तुम्हीच बघा. दूध आणायला जाऊन यायला दहा मिनिटं लागत असतील. तेवढा वेळ ते सँडल घालतात. बाकीचा अख्खा दिवस, ओट्यावरून खोलीत, खोलीतून स्वयंपाकघरात, रात्री दोन-तीनदा उठून मोरीकडे, ते अनवाणी असतात, आणि तेही घराचा नियम पाळूनच. मग यातला हट्ट कुणाचा म्हणायचा? रागावू नका. ड्रेसिंगच्या खोलीत मी बावीस वर्षं काढली. जखम भरून गेलेला माणूस तीच जखम घेऊन परत येतो, तेव्हा मी आधी विचारते, "घरात काय घालता?" बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं : "घरात कशाला?"

"दुखत नाही" म्हणतात ते खरंच म्हणतात, हे आधी धरून चला. बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा बोथट होतात, आणि दुखणं कळवणारी नसच गेली तर दुखणार कसं? साखर ताब्यात आली ही चांगलीच गोष्ट, पुढची झीज त्याने मंदावते, पण गेलेली जाणीव सहसा परत येत नाही. घरच्या घरी अंदाज घ्यायचा असेल तर इंग्लंडमधल्या इप्सविच गावच्या डॉक्टरांनी काढलेली एक साधी रीत आहे. मालकांना आडवं करा, डोळे मिटायला सांगा. तुमच्या तर्जनीचं टोक त्यांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या शेंड्याला हलकंच, एक-दोन सेकंद टेकवा. दाबू नका, टोचू नका. दोन्ही पायांची मिळून सहा बोटं होतात. स्पर्श कळला की त्यांनी "हो" म्हणायचं. दोन किंवा जास्त ठिकाणी उत्तर आलं नाही तर जाणीव कमी झाली असं समजायचं. डॉक्टरांकडे हेच काम दहा ग्रॅमच्या नायलॉनच्या तंतूने करतात, त्याला मोनोफिलामेंट म्हणतात. पण बायकोने बोट लावलं आणि आपल्याला कळलंच नाही, याचा नवऱ्यावर होणारा परिणाम डॉक्टरांच्या तंतूपेक्षा जास्त असतो. निकाल त्यांच्या डोळ्यांदेखत लागू द्या. वर भाषण देऊ नका.

बोलायचंच झालं तर त्यांच्या भाषेत बोला. जन्मभर जॉबरकी केलेल्या माणसाला तुम्ही-मी मागाबद्दल काय सांगणार! पण एवढं विचारा : बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा तुटला आणि माग थांबलाच नाही, तर कापडाचं काय होतं? त्यांच्या पायाचं तेच झालंय. धागा तुटतो, माग चालूच राहतो.

"घरात काय लागणार? फरशी तर लख्ख आहे." तुमच्या मनात हेच असणार. काच, खिळा, खडा यांचं भय खरंच आहे, पण यांच्या पायाला सगळ्यात मोठा धोका फरशीच्या कडकपणाचा आहे. नसा बिघडल्या की तळव्यातले बारीक स्नायूही वाळतात. बोटं आकड्यासारखी वर वळतात, आणि अंगठ्यामागची मऊ गादी पुढे सरकते. मग हाडाचं टोक आणि शहाबादी फरशी यांच्यामध्ये उरते ती नुसती कातडी. त्याच जागेवर दिवसाला हजारो वेळा दाब येतो. आपल्याला अशा जागी जळजळलं की आपण नकळत पाय वाकडा टाकतो, भार दुसरीकडे देतो. त्यांना जळजळतच नाही, त्यामुळे ते त्याच जागेवर तसाच भार टाकत राहतात. कातडी बचाव म्हणून जाड होते, घट्टा धरते, आणि तो घट्टाच आत खड्यासारखा टोचतो. वरून सुकं दिसतं, खाली पाणी धरलेलं असतं. तुम्ही चादरीवर डाग बघितलात तेव्हा जखम काही त्या रात्री झालेली नव्हती.

नेदरलँड्समध्ये अशाच, जखम भरून आलेल्या रुग्णांवर केलेले दोन अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाले. पावलं मोजणारं यंत्र लावलं आणि खास पादत्राणं नेमकी कधी पायात असतात ते बघितलं. लोक बाहेरपेक्षा घरात जास्त चालत होते, आणि नेमकं घरातच ती कमी घालत होते. दुसऱ्या अभ्यासात दाब तपासून सुधारलेल्या पादत्राणांचा फायदा दिसला तो दहातली किमान आठ पावलं त्यात टाकणाऱ्यांना. बाकीच्यांना एवढी मेहनत घेऊन बनवलेल्या बुटांनी विशेष काही दिलं नाही. आणि हे डच लोक. उंबऱ्याबाहेर चपला काढायच्या हा त्यांच्या घरातला धर्म नाही. आपलं गणित तर त्याहून वाईट असणार. एकदा भरलेली अशी जखम वर्षाच्या आत शंभरातल्या साधारण चाळीस जणांना परत होते, पाच वर्षांत पासष्ट जणांना. तुमच्या मालकांचं ते पहिलं वर्ष आत्ता चालू आहे.

तेव्हा माझा सल्ला असा. बाहेरच्या सँडलला उंबरा ओलांडायला लावू नका. घरासाठी दुसरा जोड करा, जो आयुष्यात कधी रस्त्यावर जाणार नाही. नवा आणायचा, ओल्या फडक्याने पुसून घ्यायचा आणि थेट घरात ठेवायचा. आतला थर एमसीआर रबराचा (बारीक छिद्रांचं मऊ रबर), वर कापडी किंवा रेक्झिनचे वेल्क्रो पट्टे, चामड्याचा तुकडाही नाही. मग त्यात विटाळ तो काय राहिला? रस्त्याची घाण नाही, चामडं नाही. सासूबाईंच्या काळात अशी वस्तूच नव्हती, म्हणून तिच्यासाठी नियमही नव्हता. तो तुम्ही करा.

देवघराचा प्रश्न तरीही राहतो, आणि तुमच्या मनाला पटत नसेल तर मी जबरदस्ती करणार नाही. पण एक लक्षात घ्या : पायाला त्रास चालण्याचा आणि उभं राहण्याचा आहे. बसलेल्या माणसाने अनवाणी असायला माझी हरकत नाही. स्वयंपाकघराच्या दारात एक खुर्ची ठेवा. मालक घरातली चप्पल घालून तिथपर्यंत येतील, खुर्चीवर बसून ती काढतील, देवाला हात जोडतील, परत घालून उठतील. पूजा स्वतः करत असतील तर ओलं वस्त्र, फुलं, नैवेद्य सगळं हाताशी द्या, म्हणजे चार वेळा उठबस होणार नाही. जेवणाचं ताट बाहेरच्या खोलीत द्या. जमिनीवर मांडी घालून बसत असतील तर बाहेरचा घोटा फरशीला टेकतो, तिथेही घट्टा आणि जखम होते. आपल्या सोलापुरात चादरीला काय तोटा? जुन्या चादरीची चौपदरी घडी खाली घाला. आणि रात्री हा जोड पलंगाखाली ढकलू नका, पाय खाली सोडला की त्यातच पडेल असा ठेवा. अंधारात मोरीकडे जाणारी पावलं सगळ्यात बेसावध असतात.

आता शेजाऱ्यांच्या प्रश्नाकडे येते. तो लागला असणार, मी समजू शकते. त्यांचं म्हणणं मात्र निम्मं खरं आहे. पॉल ब्रँड नावाचे सर्जन १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. तमिळनाडूच्या डोंगरात जन्मलेला हा इंग्रज माणूस. कुष्ठरोग्यांची बोटं जंतू खाऊन टाकतो असा तोवर समज होता. ब्रँड यांनी दाखवून दिलं की बोटं झडतात ती जाणीव गेल्यामुळे होणाऱ्या रोजच्या इजांनी : भाजणं, घासणं, खडा रुतणं. म्हणजे पाय वाचवायचा तर त्याला मऊ आणि नीट बसणारं पादत्राण हवं. एमसीआरची चप्पल आपल्याकडे रुळली ती या कामातून. पुढे ब्रँड अमेरिकेत गेले आणि हाच विचार मधुमेहाच्या पायाला लावला गेला, कारण बधिर पाय कोणत्या रोगाने बधिर झाला याने फरशीला फरक पडत नाही. तेव्हा शेजाऱ्यांना सांगायचं तर सांगा, "हो, तिचीच बहीण आहे." नाही सांगावंसं वाटलं तर बनवणाऱ्याकडे जाऊन पट्टे तपकिरी किंवा काळे करून घ्या. ही चप्पल निळ्या पट्ट्यांची आणि बेढब असलीच पाहिजे असा काही नियम नाही. दिसायला बरी असेल तर घातली जाईल, आणि घातली गेली तरच उपयोग. याला मी नखरा म्हणत नाही.

साडेतीन हजार पाण्यात गेले का, हे सँडल बघितल्याशिवाय कसं सांगू? पण तुम्ही बघू शकता. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा, मालकांना कोऱ्या कागदावर उभं करा. बसवून नको, उभं राहिलं की पाऊल पसरतं. पेन्सिल सरळ धरून पावलाची कड काढा, कागद कापा आणि सँडलमध्ये घाला. कागद कडेला वळला तर सँडल अरुंद आहे, कितीही महाग असली तरी. सर्वांत लांब बोटापुढे एक ते दोन सेंटिमीटर जागा हवी. (बधिर पायाचा माणूस दुकानात नेहमी घट्ट जोड मागतो, कारण तेवढा घट्ट असेल तरच त्याला पायात काही आहे असं जाणवतं. "मला हीच बरोबर बसते" यावर म्हणून विसंबू नका.) आतला थर अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबा. दबला पाहिजे आणि सोडल्यावर वर आला पाहिजे. दबून तसाच राहत असेल तर त्याचा जीव गेला. रोज वापरला की हा थर बसतो, म्हणून दर महिन्याला ही चिमटी घ्या आणि बसलेला थर बदला. खालचा तळ मात्र कडक हवा, हातात धरून सहज दुमडला जाऊ नये. टाचेमागे पट्टा हवाच. नुसती सपाता धरून ठेवायला बोटं आवळावी लागतात, आणि बधिर पायातून ती कधी निसटली हे कळतही नाही. अंगठ्याची चप्पल, म्हणजे दोन बोटांमधून पट्टा जाणारी, कोल्हापुरी असो वा रबरी, आता कायमची बंद. खिळे कुठेही नकोत. पट्टा तुटला आणि नाक्यावरच्या कारागिराकडे दिली तर शिवून किंवा चिकटवून द्यायला सांगा, आणि घरी आल्यावर आतून हात फिरवून बघा.

घरातल्या जोडाला याहून बरेच कमी पैसे लागतात. तयार एमसीआर सँडल मिळते. पायाचा आकार फार बिघडला नसेल, बोटं फार वळली नसतील तर तीही चालेल. बिघडला असेल तर दोन्ही जोड मापाचेच हवेत, हे डॉक्टरांनी पाय बघून ठरवायचं. नवा जोड पहिल्या दिवशी तासभरच घालायचा, मग पाय बघायचा. कुठे लाली आली आणि वीस मिनिटांनीही गेली नाही, तर जोड परत न्यायचा. "घालून घालून सैल होईल" हे नवरदेवाच्या बुटाला ठीक आहे, या पायाला नाही.

आता तुळजापूर. इथे मी मऊ बोलणार नाही. सोलापूर ते तुळजापूर साधारण पंचेचाळीस किलोमीटर. एका पायाची तीस हजारांवर पावलं, त्याच हाडाखाली, तीन महिन्यांच्या कोवळ्या कातडीवर. अनवाणी तर नाहीच, यंदा सँडल घालूनही नाही. कोजागरीची गर्दी तुम्हाला ठाऊक आहे. त्यात कुणाची टाच यांच्या पायावर पडली तर यांना घरी आल्यावरच कळणार, तेही तुम्ही बघितलंत तर. पण "जायचं नाही" असं त्यांना सांगू नका. श्रद्धेच्या आड येणाऱ्याचं कुणी ऐकत नाही, आणि का ऐकावं? यंदा त्यांच्या वतीने घरातलं कुणी चालेल का ते विचारा. त्यांनी एसटीने जायचं, कोजागरीचा दिवस टाळून, पहाटेच्या थंड वेळी. सँडल जिथे काढावीच लागते तिथून पुढे पायऱ्या उतरताना जाड सुती मोजे घालायचे, आतली शिवण बाहेर करून. मोजे म्हणजे चप्पल नव्हे, दाब त्याने कमी होत नाही. तापलेला दगड आणि खडी यांच्यापुरता थोडा आडोसा, एवढंच. दर्शन घ्यायचं, सरळ परत यायचं, बसून दोन्ही तळवे बघायचे. आपल्या सिद्धेश्वराच्या देवळातही हाच नियम. चैत्र-वैशाखात सोलापूर बेचाळीसच्या वर जातं. त्या दगडावर आपण चटका बसून नाचतो, बधिर पायाचा माणूस शांतपणे उभा राहतो. तळवा पूर्ण भाजलेली माणसं मी अशीच बघितली आहेत.

मिठाच्या पाण्याचं ऐकून मात्र मला वाईट वाटलं, कारण ते तुम्ही मायेने करता. ते आजपासून बंद करा. पाणी किती गरम आहे ते त्यांच्या पायाला कळत नाही, आणि भिजवून भिजवून कातडी अजून कोरडी पडते. त्यांच्या टाचांना भेगा असतील तर त्याचं कारणही तेच बिघडलेल्या नसांमध्ये आहे, घाम येणं कमी होतं. त्या वेळात दुसरं काम करा : साध्या पाण्याने पाय धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, तळव्याला खोबरेल किंवा व्हॅसलिन लावा (बेचक्यांत नको), आणि उजेडात तळवा नीट बघा. लाली, फोड, काळा ठिपका, घट्ट्याखाली लालसर-निळसर झाक. दोन्ही पायांच्या त्याच जागेवर हाताची मागची बाजू लावून बघा, एक जागा दुसरीपेक्षा गरम लागते का? गरम असेल तर चालणं कमी करून डॉक्टरांना दाखवा. अख्खं पाऊल अचानक गरम, लाल, सुजलेलं आणि तरीही न दुखणारं झालं, तर त्याच दिवशी. घट्टा ब्लेडने कापू नका, कॉर्नची पट्टी लावू नका, तो दवाखान्यातच काढायचा. आणि जखम उघडलीच तर सँडलने ती भरेल अशी वाट बघू नका. उघड्या जखमेला तिच्यावरचा भार काढणारं प्लास्टर किंवा तशीच गुडघ्यापर्यंतच्या बुटासारखी सोय लागते. सँडल आहे ती जखम होऊ नये म्हणून.

एकदा जखम झालेला पाय एक ते तीन महिन्यांनी डॉक्टरांनी बघायला हवा, काही होत नसलं तरी. पुढच्या खेपेला जाताना दोन्ही जोड पिशवीत घालून न्या आणि पायातल्या नाडीचे ठोके तपासायला सांगा. रक्त नीट पोचत नसेल तर नुसत्या पादत्राणाने भागत नाही.

मालकांना कामही द्या. सकाळी सँडल उलटी करून आपटायची, आत हात फिरवून खडा, काडी, शेंगांचं टरफल बघायचं, हे त्यांनी करायचं. माग सुरू करायच्या आधी त्यावरून हात फिरवायची सवय त्यांना असेलच. तळवा बघणं तुमच्याकडे. आणि घरातली चप्पल आणायला दोघं मिळून संध्याकाळी जा, कागदावर काढलेलं ते पाऊल बरोबर घेऊन.